घाबरलेल्या कुत्र्याला ओढून बाहेर काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला आता तीन आठवडे राहिले. चाकरमान्यांच्या गाड्या यायला लागतील, आणि हल्ली गाडीत बॅगांबरोबर घरचं कुत्रंही असतं. गेल्या वर्षी आमच्या वाडीत असंच एक आलं होतं, पांढरं, केसाळ, एवढंसं. आरतीनंतर पोरांनी खळ्यात, म्हणजे अंगणात, फटाक्यांची माळ लावली आणि ते पट्ट्यातून मान काढून पळालं. सगळी वाडी बॅटऱ्या घेऊन बागांतून हाका मारत फिरली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पऱ्याच्या कडेला, गडग्याला अंग चिकटवून बसलेलं सापडलं. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण त्याच संध्याकाळी घरातल्या एका जाणत्या माणसाने त्याला पुन्हा खळ्यात आणायला घेतलं, भीती मोडायला म्हणून. कुत्र्याने चारही पाय रोवले होते आणि ते पायरीच्या चिऱ्यावरून फरफटत येत होतं.

मी त्या माणसाला दोष देत नाही. पाच वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

मी हर्णैजवळच्या एका वाडीत राहते. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश शिवते. माझं मशीन पडवीत असतं, कारण उजेड तिथेच चांगला. आमची तांबी गावठी कुत्री, नावासारखीच तांबूस. 2019 च्या दिवाळीच्या सुमारास शेजारच्या मांगरात जन्मलेली. पहिले सात महिने ती कशालाही घाबरत नव्हती. एसटीच्या मागे धावायची, पायऱ्यांच्या पाखाडीवरून खाली दर्यापर्यंत एकटी जाऊन यायची.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. त्या दिवसाचं वर्णन दापोली-मंडणगडच्या माणसाला मी सांगायला नको. सकाळपासून वारा वाढत गेला आणि दुपारी आमच्या गोठ्याचे पत्रे एकेक करून सुटले. त्यातला एक पडवीच्या खांबावर आपटला. मग माड पडला, त्याने पडवीच्या छपराचे कोने घेतले. आम्ही सगळे माजघरात होतो, भांडी, धान्याच्या गोणी, सासूबाई, सगळं एका कोपऱ्यात. तांबी पडवीच्या त्याच खांबाला बांधलेली होती. वारा पडल्यावर माझ्या लक्षात आलं. तिला काही लागलेलं नव्हतं, पण दोरी जितकी आत पोचत होती तितकी आत येऊन उंबऱ्याला डोकं लावून ती पडली होती. आवाज करत नव्हती. मी दोरी सोडली आणि ती जी माजघरात पळाली, ती तिथेच राहिली.

पहिले काही दिवस कुणाला त्याचं काही वाटलं नाही. माणसंच धड नव्हती. वीज नव्हती, छप्पर नव्हतं, झाडं रस्त्यात आडवी. पंधरा दिवसांनी जरा स्थिरस्थावर झाल्यावर कळलं की तांबी बाहेर जातच नाही. लघवीलासुद्धा नाही. दिवसदिवस धरून ठेवायची आणि मध्यरात्री सगळं सामसूम झालं की मागल्या दारी एक पाऊल टाकून, तिथेच बसून, धावत आत यायची. उंबऱ्यापाशी नेलं की शेपटी पोटाखाली, कान मागे, सगळं अंग थरथर.

चुलत दीर म्हणाले, "ओढ गो तिला. चार दिस ओढलंस की आपसूक चालंल." मलाही ते पटलं. लहान मूल शाळेत जाताना रडतं, नेऊन सोडलं की रमतं, तसंच हे असं वाटलं. मी चार दिवस ओढलं. चौथ्या दिवशी पायरीच्या चिऱ्यावर तिच्या पुढच्या पायाचं नख मुळापासून निघालं. रक्ताचा ठिपका चिऱ्यात मुरला, तो कितीही घासला तरी पुढच्या पावसापर्यंत दिसत होता. त्या दिवसापासून ती बाहेरच्या जगाला तर घाबरायचीच, शिवाय माझ्या हातातल्या दोरीलाही घाबरायला लागली. मी मोजपट्टी गळ्यात घालून उठले तरी ती कणगीमागे जाऊन लपायची. मोजपट्टी लांबून दोरीसारखी दिसते, हे माझ्या ध्यानात यायलाच आठवडा गेला.

नखासाठी म्हणून तिला तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे रिक्षातून नेलं. त्यांनी नख पाहिलं, मग कान पाहिले, सांधे दाबून पाहिले, गोचीड ताप आहे का म्हणून रक्त घेतलं. मला म्हणाले, कुत्रं अचानक बाहेर जाईनासं झालं तर आधी कुठे दुखतंय का ते पाहायचं. कान दुखत असला तरी साधा आवाज डोक्यात घुसतो, कंबर दुखत असली तर पायरी नको वाटते. तांबीला तसं काही नव्हतं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दशः लक्षात ठेवलं आहे. "ही हट्टी नाहीये. हिला खरंच वाटतंय की बाहेर गेलो तर मरू. तुम्ही ओढता तेव्हा तिचं ते म्हणणं खरं करून दाखवता."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती अजून आमच्याकडे कुणाला पटत नाही. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते असं म्हणतात, ते चूक आहे. भीती ही काही सवय नव्हे, की लाड केले म्हणून लागावी. तांबी स्वतःहून मांडीत डोकं खुपसत असेल तर खुपसू द्यायचं, हात फिरवायचा. ती लपली असेल तर तिला तिथून काढायचं नाही. एवढंच.

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. दोरी पूर्ण बंद. गळ्याचा पट्टा काढून छातीवरून जाणारा पट्टा मीच शिवला, जुन्या दप्तराच्या पट्ट्यांचा, आतून मऊ कापड लावून. तो पंधरा दिवस नुसता तिच्या अंथरुणात ठेवला, मग अंगावर टाकला, मग बंद लावला. मागल्या पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटावर खळ्यातली माती आणि गवत पसरून तिची लघवीची सोय केली. ती धरून ठेवायची ना, त्यानेच तिचा अर्धा जीव कासावीस व्हायचा. ही सोय झाल्यावर ती नीट झोपायला लागली आणि नीट झोपायला लागल्यावर इतर गोष्टींना हात लावता आला.

कापडावर आखायचा खडू माझ्याजवळ असतोच. मशीनपासून पडवीच्या कडेपर्यंत साडेनऊ फूट आहेत. पहिल्या दिवशी तांबी उंबरा ओलांडून मशीनच्या पायापर्यंत आली, तिथे मी कोब्यावर खडूने रेघ मारली. उकडलेल्या तारलीचा काटे काढलेला तुकडा त्या रेघेवर ठेवला. तिने मान लांब करून उचलला आणि आत पळाली. पळू दिलं. आत जायचा रस्ता मोकळा आहे हे तिला कळणं फार महत्त्वाचं होतं. दार कधीही लोटायचं नाही, तिच्या आणि दाराच्या मध्ये कुणी उभं राहायचं नाही, हा घरातल्या सगळ्यांना नियम. रोज दहा मिनिटं, दुपारचं ऊन उतरल्यावर, रस्ता शांत असताना. तिला अजून यावंसं वाटतंय तोवरच थांबायचं. याचा मला फार त्रास व्हायचा, कारण आज चार इंच पुढे आली की वाटायचं अजून चार इंच येईल. जेव्हा जेव्हा मी हावरटपणा केला, दुसऱ्या दिवशी रेघ मागे गेली.

कधी थांबायचं हे तांबीनेच शिकवलं. कुत्रं घाबरलं की फक्त थरथरत नाही. आधी बारीक बारीक खुणा करतं. तोंडापुढे काही नसताना ओठ चाटतं. एक पुढचा पाय जरासा उचलून धरतं. मान न वळवता डोळा फिरवतं, त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. आणि जांभई देतं. तांबी जांभया द्यायची तेव्हा मला वाटायचं दुपारची सुस्ती आली. सुस्ती नव्हती, ती सांगत होती की पुरे. सगळ्यात शेवटची खूण म्हणजे खाणं नाकारणं. ज्या तांबीला तारलीचा वास माजघरातून यायचा, ती नाकासमोरची तारली घेत नसेल तर आपण फार पुढे आलो, तिला माघारी जाऊ द्यायचं.

साडेनऊ फुटांना तिला 41 दिवस लागले. पायरीला आणखी नऊ. खळ्यात उतरली त्या दिवशी ती सरळ तुळशीवृंदावनाच्या मागे जाऊन बसली आणि तिथून सगळ्या बाजूंनी वास घेत राहिली, पाऊण तास. मी मशीनवर बसून तिच्याकडे न बघता काज करत होते. वास घेताना कुत्र्याचं अंग सैल पडतं, हे तेव्हा पाहिलं. आपण फिरायला नेताना कुत्रं थांबून हुंगायला लागलं की "चल चल" करून ओढतो. ते करू नये. हुंगणं हेच त्याचं फिरणं असतं.

शेजारचा म्हातारा बंड्या, दहा वर्षांचा शांत कुत्रा, त्याचा फार आधार झाला. तो पुढे चालायचा, ती त्याच्या मागच्या पायांच्या रेषेत. बंड्या बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या दारातून, गेला की तीही जायची. बंड्या नसला की बेड्यापाशी थांबायची. एप्रिलपर्यंत दोघं पाखाडीच्या तिसऱ्या वळणापर्यंत जाऊ लागली.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. आमच्याकडे निसर्गाच्या मानाने काहीच झालं नाही, पण वारा घोंगावला, पत्रे वाजले. तांबी परत माजघरात. सहा महिन्यांचं सगळं एका रात्रीत गेलं असं वाटून मी त्या दिवशी रडले. पण या वेळी ती बांधलेली नव्हती, मी तिच्याजवळ जमिनीवर बसलेली होते, आणि कदाचित त्यामुळेच दुसऱ्यांदा तिला पायरीपर्यंत यायला अठराच दिवस लागले. ज्यांचं कुत्रं असं मागे जातं त्यांनी धीर सोडू नये. पुन्हा खडूची पहिली रेघ मारावी.

आवाजाचं वेगळं शिकवावं लागलं. तिची खरी भीती पत्र्याच्या आवाजाची. मुलीने स्वयंपाकघराच्या टोकाला पातेल्याचं झाकण फडक्यात गुंडाळून बोटाने वाजवायचं, जेमतेम ऐकू येईल इतकंच, आणि लगेच मी तांबीला तुकडा द्यायचा. आधी आवाज, मग तुकडा. उलटं केलं तर कुत्र्याला तुकड्याचीच भीती बसते, कारण तुकडा आला की आता आवाज होणार हे त्याला कळतं. मुलगी म्हणाली, आई, हा तर आमच्या पुस्तकातला पाव्हलॉव्ह. त्या रशियन शास्त्रज्ञाला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामासाठी, पण कुत्र्याच्या तोंडाला घंटेने पाणी सुटतं ते त्याने दाखवलं म्हणून तो सगळ्यांना माहीत. आमचं झाकण फडक्यातून बाहेर यायला दोन महिने लागले. जून-जुलैत मासेमारी बंद, तारली नाही, तेव्हा उकडलेलं अंडं चाललं. सुकट देऊ नये, मीठ फार असतं.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे ते सांगते. घरात कितीही केलं तरी बाहेरचा आवाज आपल्या हातात नसतो. आमच्या वरच्या अंगाला हापूसची बाग आहे. वानरं येतात, आंबे अर्धे खाऊन टाकतात, बागायतदाराचं वर्षाचं पीक जातं. त्यांना हाकलायला ते सुतळी बॉम्ब लावतात. त्यांना तरी दुसरा उपाय काय? माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण मार्च महिन्यात एकदा सकाळी, तांबी खळ्याच्या मधोमध असताना बॉम्ब फुटला आणि ती तीन दिवस जेवली नाही. मी त्यांच्याकडे गेले, लाडू घेऊन गेले, भांडायला गेले नाही. त्यांना तांबीचं सगळं सांगितलं. तेव्हापासून बॉम्ब लावायच्या आधी ते मला मिस कॉल देतात. मी तिला आत घेते, दार-खिडकी लावते, पंखा मोठा करते, रेडिओ लावते. त्यांचा एक मिनिटही जात नाही. चार वर्षांत त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही.

एवढंच जर वाडीवाडीत झालं तर? आमच्या वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहे, सगळ्याच वाड्यांचे असतात. आरती कितीला, भजन कुणाकडे, सगळं त्यावर येतं. फटाके किती वाजता लावणार हेही येऊ द्या. कुणी फटाके बंद करा असं मी म्हणत नाही, वर्षातून एकदा घरी आलेल्या पोरांची हौस मला कळते. वेळ सांगा, म्हणजे ज्याच्या घरी घाबरट कुत्रं आहे, तान्हं मूल आहे, हृदयविकाराचं माणूस आहे, तो दार लावून बसेल. रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाचे फटाके वाजवू नयेत असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच सांगितलेलं आहे, तेवढं पाळलं तरी मोठं काम होईल. आपल्याला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45 हजारांच्या आसपास. आपल्या कानात दडे बसतात तेव्हा त्याच्या कानात काय होत असेल, याचा विचार करावा.

मुंबईहून कुत्रं आणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. फ्लॅटमधल्या कुत्र्याला आपल्या गावचा काळोख माहीत नसतो, बेडकांचा आवाज माहीत नसतो, मोकळं खळं माहीत नसतं. पहिले दोन दिवस त्याला घराची एक खोली द्या, त्याची चादर, त्याचं भांडं तिथे ठेवा, तिथून त्याचं त्याला बाहेर येऊ द्या. गळ्यात तुमचा फोन नंबर लिहिलेला पट्टा आणि छातीचा पट्टा, दोन्ही असू द्या, कारण घाबरलेलं कुत्रं मान आकसून गळ्याच्या पट्ट्यातून सहज निसटतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत नेऊ नका, त्याला ढोलाची हौस नसते. रात्री ते बाहेर जायला नको म्हणत असेल तर अजिबात जबरदस्ती करू नका. आमच्याकडे वाघ रात्री वाडीत येतो, बिबट्या म्हणा तुम्ही, आणि कुत्री उचलतो. कुत्र्याच्या नाकाला ते आपल्या आधी कळतं. ती भीती बरी करायची नसते, ती मानायची असते. पावसात फुरसं, म्हणजे विषारी सापही असतो, तेव्हा पहाटेसुद्धा बॅटरीशिवाय नको.

आवाज फारच सोसत नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा, भीती कमी करणारी औषधं आहेत आणि ती सणाच्या आधी सुरू करता येतात. दुकानातून नुसतं गुंगीचं औषध आणून देऊ नका. अंग पडून राहतं, आतली भीती तशीच राहते. माणसांच्या गोळ्या तर नकोतच.

आणि गावातल्या माझ्या माणसांना एक सांगते. घाबरतं, भुंकत नाही, राखणीला उपयोगाचं नाही म्हणून कुत्रं आखूड साखळीने कायमचं मागल्या दारी बांधून ठेवतात, नाहीतर गोणत्यात घालून लांबच्या गावी सोडून येतात. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात ही दोन्ही कृत्यं गुन्हा आहेत. कायम बांधलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवलं नाही तर तेही त्यात येतं. पण मी कायद्याचा धाक घालायला लिहीत नाही. मी स्वतः तांबीला खांबाला बांधून विसरले होते. उंबऱ्याला डोकं लावून पडलेली ती मला अजून दिसते. तसं कुणाच्या नशिबी येऊ नये एवढ्यासाठी लिहिते. पाऊस-वाऱ्याचा इशारा आला की आधी गोठ्यातली आणि खांबाची दावी सोडा, मग गोणी आत घ्या.

ज्यांच्याकडे नवं पिल्लू आलं आहे त्यांनी पहिले तीन-साडेतीन महिने वाया घालवू नयेत. त्या दिवसांत जे जे प्रेमाने दाखवाल, एसटी, छत्री, पालखी, रेनकोट घातलेला माणूस, त्याची भीती पुढे सहसा बसत नाही. कडेवर घेऊन दाखवा, लांबून दाखवा, आणि डॉक्टर सांगतील त्या तारखेला लस टोचून घ्या.

तांबी आता सहाव्या वर्षात आहे. बंड्या गेल्या पावसाळ्यात गेला. त्याच्याशिवाय ती बेड्याबाहेर पडेल का याची मला धास्ती होती. आठ दिवस ती बेड्यापर्यंत जाऊन परत येत होती. नवव्या दिवशी पहाटे ओहोटीच्या वेळी मी पाखाडी उतरत होते, मागून नखांचा आवाज आला. ती खाली वाळूपर्यंत आली. कुर्लीच्या बिळात नाक घालून शिंकली, पुन्हा घातलं. समोर समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावर उजेड येईपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो.

पडवीतल्या खडूच्या रेघा मी पुसलेल्या नाहीत, पावलांनी जेवढ्या गेल्या तेवढ्या गेल्या. आमच्या वाडीच्या गटावर या वर्षी मी आताच लिहून टाकलं आहे, फटाके संध्याकाळी साडेसात ते आठ. सगळ्यांनी होकाराचा अंगठा टाकला आहे. मी सहालाच तांबीला फिरवून, जेवू घालून, माजघरात घेणार आहे.

हे पत्र गणपतीपूर्वी छापलंत तर उपकार होतील.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी